चाकांवरून नको

माणसानं मरताना थोडी घरच्यांची सोय बघावी, असं माझं मत आहे. लुक्रिया मावशीचं तसं मत नव्हतं. ती बुधवारी पहाटे गेली, आणि गुरुवारी आमच्या कोर्चुला बेटाच्या धक्क्याला मोसमातलं शेवटचं मोठं जहाज लागायचं होतं. त्यात युगो सुटलेला. दक्षिणेचा हा ओला वारा सुटला की आमच्याकडे भिंतींना घाम येतो, पावाला बुरशी येते आणि एरवीची सभ्य माणसं एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. जुन्या काळी म्हणे युगो वाहत असताना शहाणे लोक कायदे करीत नसत. मरायला मात्र तेव्हाही बंदी नव्हती.

मावशीची इच्छा एकच होती. खांद्यावरून न्यायचं, चाकांवरून नाही.

तटाच्या आतलं आमचं गाव म्हणजे माशाचा काटा. मधोमध एक गल्ली, दोन्ही बाजूंनी समुद्राकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या बारीक गल्ल्या. गाडी आत येत नाही. पण बॅगा येतात. घरोघरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला लागल्यापासून पहाटेपासून दगडांवर चाकं वाजतात. खड खड खड, टक. खड खड खड, टक. मावशीची खिडकी नेमकी त्यावर. मोसमभर उशीत तोंड खुपसून ती ते ऐकायची आणि उठून पहिलं वाक्य बोलायची, "गेली एकदाची मेली कुणाची तरी बॅग."

शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली, "याक्शा, तुझ्या काकांना खांद्यावरून नेलं. माझ्या सासूला नेलं, आणि ती तर पिंपाएवढी होती. मला त्या गाड्यावर घालू नकोस रे. मी काय कुणाची बॅग आहे?"

मी म्हटलं, "नाही घालणार, मावशी."

मरणाऱ्याला शब्द देताना माणूस खांदे मोजत नाही.

ते मोजले बुधवारी दुपारी. गावात खांदे असलेली जी पोरं होती ती दुसऱ्यांच्या जहाजांवर ताटं वाहत होती, नाहीतर डब्लिनमध्ये खोकी. उरली आमची बंधुसभा. शेकडो वर्षं या सभेनं गावाची मढी वाहिली. पांढरे पायघोळ झगे, हातात पुरुषभर उंचीच्या मेणबत्त्या, पुढे क्रूस. आता सभेत राहिलो होतो मी, म्हणजे चिटणीस, पाणीपुरवठा कचेरीतला निवृत्त हेडक्लार्क; माझा बालमित्र कुझ्मा, खजिनदार, ज्याचा उजवा गुडघा हवामानखात्यापेक्षा आधी पाऊस सांगतो; आणि आणखी दोघे. एकाला कमरेचा पट्टा, दुसऱ्याला मोतीबिंदू.

"चौघं पुरे," कुझ्मा म्हणाला. "लुक्रिया वाळून काडी झाली होती."

"आणि पेटी?" समोरच्या खिडकीतून पेरीना काकू म्हणाली. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या खिडक्यांतून मीठ देता घेता येतं, त्यामुळे सल्लाही येतो, न मागता. "ओकाची घेतलीस ना? शहाणा! जिवंतपणी तिला एक बरी खुर्ची नाही दिलीस, आणि आता ओकाची पेटी. चौघं त्या पेटीखालीच गाडले जाल. एकाच खर्चात पाच."

"मग काय करू, काकू?"

"मला काय विचारतोस? मी बाईमाणूस. पण माझा नवरा गेला तेव्हा खांद्यासाठी भांडणं झाली होती. रांग होती रांग!"

अंत्यविधीच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणानं मला त्यांचा नवीन गाडा दाखवला. गुळगुळीत, चकचकीत, खाली पक्क्या प्लास्टिकची चार चाकं. "आता सगळे हाच घेतात, साहेब. एक माणूस पुरतो. खांद्यावरून म्हणजे, काही झालं तर जबाबदारी आमच्यावर नाही."

"काही झालं तर म्हणजे? ती आधीच वारली आहे."

"तुमच्याबद्दल म्हणतोय," तो माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून म्हणाला.

हा अपमान मी गिळला, कारण मला अजून फादर मारोयित्सांकडे जायचं होतं. फादर म्हणाले, गुरुवारी अकरा, नाहीतर शनिवार. दुपारी त्यांना शेजारच्या बेटावर बारसं होतं आणि युगोमुळे पुढची बोट सुटेल याची खात्री नव्हती. शनिवारपर्यंत मावशी त्या दमट हवेत थांबली नसती. मी अकराला हो म्हटलं आणि घराच्या पायरीवर पाऊल ठेवता ठेवता मला आठवलं. गुरुवारी अकराला, त्याच चर्चच्या दारात, जहाजाच्या पाहुण्यांसाठी 'पुरातन मिरवणूक' ठरली होती. झगे, मेणबत्त्या, क्रूस, सगळं. मिरवणूक आमच्याच बंधुसभेची. झग्यांच्या धुलाईचा खर्च निघावा म्हणून चिटणिसानं, म्हणजे मीच, उन्हाळ्यात तिला रुकार दिला होता.

सहल कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, सर. पण जहाजाची वेळ दोन वर्षांपूर्वी ठरलेली असते. मृत व्यक्ती थोडी पुढेमागे होऊ शकेल का?"

मी तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. लोकांना असल्या वाक्यांनी मीच परत पाठवत आलो होतो. ते समोरून ऐकायला कसं लागतं हे तेव्हा कळलं.

संध्याकाळी कुझ्माच्या स्वयंपाकघरात बसलो. त्याची नात दिन्का गावातली वाटाडी आहे. जहाजातून उतरलेल्यांना हातातली नंबराची पाटी उंच धरून तटाच्या आत फिरवते. तिच्यासमोर मी माझी योजना मांडली, आणि कबूल करतो, त्या वेळी मला ती फार हुशारीची वाटली. मिरवणूक त्यांना हवीच आहे, झगे तेच, माणसं तीच, वेळ तीच. मग मावशीचीच मिरवणूक करायची. पाहुणे मागून बघतील. कुणाचं काय जातं?

दिन्का म्हणाली, "याक्शाकाका, मी त्यांना काय सांगू?"

"खरं सांग. हे खरं आहे, आदरानं उभे राहा."

त्या पोरीनं अक्षरशः तेच सांगितलं. चूक तिची नव्हती. पण ही जहाजाची माणसं महिनाभर एका बंदरातून दुसऱ्या बंदरात उतरत असतात, आणि प्रत्येक बंदरात त्यांना खरं काहीतरी दाखवलेलं असतं. खरा मध. खरं तेल. खरा कोळी, खरं जाळं विणताना. 'खरं' हा शब्द ऐकला की ती सवयीनं हसतात आणि फोन वर काढतात.

गुरुवारी आभाळ इतकं खाली आलं होतं की चर्चचा मनोरा अर्धाच दिसत होता. समुद्र शिसवी. आत प्रार्थना संपली तेव्हा बाकांवर आम्ही किती उरलो होतो ते बघायला मी वळलो आणि पुन्हा वळून बघितलं नाही. बंधुसभेचे चौघे, पेरीना काकू, औषधाच्या दुकानातली बाई, आणि वाट चुकून आत आलेलं एक मांजर. मावशीनं या गावात अर्ध्या लोकांची बाळंतपणं पाहिली होती. ते अर्धे लोक आता पत्ता बदलून बसले होते.

आणि दार उघडलं, तर बाहेर गर्दी!

छातीवर नंबराचे बिल्ले, अंगात रंगीबेरंगी रेनकोट, चौक गच्च भरलेला. सगळे जर्मन. पुढेच सहा जण होते, एकसारख्या हिरव्या टोप्या घातलेले. त्यांच्या गावच्या संचलन मंडळाची वार्षिक सहल होती ती. आम्ही पेटी खांद्यावर घेतली, एक पाऊल टाकलं आणि टाळ्या पडल्या.

मी वाकून आभार मानणार होतो. सवय. तीस वर्षं साहेब आत आला की उठायचं. पेटी खांद्यावर होती म्हणून वाचलो.

टाळ्यांनी पेरीना काकूला कंठ फुटला. आमच्याकडे बायका मेलेल्या माणसासाठी गाऊन रडतात, आणि काकूला कुणी आयुष्यात कधी गाताना वाखाणलं नव्हतं. तिनं डोक्यावरचा काळा रुमाल सारखा केला आणि हात वर केले.

"लुक्रे गं लुक्रे साजणी, पाट तुझा गं मोडला,
अंजिराच्या झाडाखाली कोण बसेल जोडीला?
लुक्रे गं लुक्रे साजणी, दार लोटून गेलीस,
माझी तांब्याची कढई कुठल्या फळीवर ठेवलीस?"

ती कढई दोघींमध्ये पंधरा वर्षं पेटत होती. पाहुण्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण सूर असा काळजातून येत होता की पुन्हा टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "आणखी एकदा!" आणि काकूनं कढईचं कडवं पुन्हा म्हटलं.

याच वेळी कुझ्माचा गुडघा गेला.

चर्चच्या खालच्या पायरीवर तो 'आई गं' म्हणून बसला, पेटी माझ्याकडे कलली, मोतीबिंदूवाले भलत्याच दिशेला वळले. ओक खरंच जड होता. मावशी आतून सरकल्याचं मला खांद्यावर कळलं, आणि मी मनात म्हटलं, मावशी, मला क्षमा कर, तू आता दगडावर पडणार.

ती पडली नाही. सहा हिरव्या टोप्या पेटीखाली शिरल्या. दिन्कानं पाहुण्यांना वाटलेल्या पत्रकात 'पुरातन मिरवणुकीत सहभागी व्हा' असं छापलं होतं, आणि हे लोक छापलेलं सगळं करतात. त्यांतला सर्वांत उंच, ओटमार नावाचा निवृत्त दंतवैद्य, दोन बोटांनी माझ्या काखेला धरून मला बाजूला करीत काहीतरी म्हणाला. दिन्कानं तोंड फिरवून सांगितलं, "म्हणतात, आजोबा, तुम्ही बसा."

आजोबा! तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा असावा. पण त्यानं "आइन्स, त्स्वाय!", म्हणजे एक, दोन, म्हटलं आणि सहा जणांनी एकदम पाय उचलला. काय सांगू, मावशीच्या नवऱ्यापासून आजवर या गावात कुणी इतक्या तालात गेलं नव्हतं. पेटी पाण्यावरच्या होडीसारखी निघाली. ना हिसका, ना झोल. मागून चौकभर पाहुणे दोन दोन करून आपोआप रांगेत लागले. ही माणसं कुठेही रांग लावू शकतात. शेवटी ओटमारची बायको, सहा जणांच्या पिशव्या गळ्यात अडकवून. मी, मुख्य शोककर्ता, तिच्या मागे.

वेशीच्या कमानीखाली ती सगळी ओळ अडखळली, आणि मी वाट काढत पुढे पेटीपाशी पोचलो. तिथून पुढे मोठा जिना उतरतो. ओटमारनं श्वास घेतला आणि हसत मागे मान करून विचारलं. दिन्कानं हळूच भाषांतर केलं.

"विचारतात, फार जड आहे. आत काय घातलंय? वाळू?"

मला राग यायला हवा होता. पण युगो, सकाळपासूनचा उपास आणि 'आजोबा' या तिन्हींनी मी इतका मऊ झालो होतो की नुसतं खरं तेच तोंडातून आलं.

"माझी मावशी आहे."

दिन्कानं जर्मनमध्ये सांगितलं. सहाही जण मोठ्यानं हसले. मागच्या रांगेत ते हसू पोचलं आणि तिकडूनही आलं. मग ओटमारनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी हसत नव्हतो. त्यानं दिन्काकडे बघितलं. ती पाटी खाली करून रडत होती.

हसू जसं मागे गेलं होतं तसंच ते मागे मागे विझत गेलं. फोन खाली आले. इतका वेळ वाजणारे रेनकोटसुद्धा गप्प झाले. वेशीतून फक्त वारा वाहत होता.

आता ठेवतील, मी मनात म्हटलं. कुणीही ठेवेल. सुट्टीवर आलेला माणूस, त्यानं कुणाचं मढं का वाहावं? जिन्याच्या पायथ्याशी तो दुकानातला तरुण आपला गाडा घेऊन उभाच होता. मी आमच्या पद्धतीप्रमाणे लाजेनं मेलो होतो, आणि लाजेनं मेलेला मध्यमवर्गीय माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. मी म्हणालो, "दिन्का, त्यांना सांग, चूक आमची. पेटी गाड्यावर ठेवा म्हणावं. त्यांचं जहाज आहे."

त्याच क्षणी, जणू माझ्या शब्दाची वाट बघत असल्यासारखा, धक्क्यावरून भोंगा झाला. लांब, जाड, गाईच्या हंबरण्यासारखा. मागची रांग सुटायला लागली. कुणी छातीवर क्रूसाची खूण केली, कुणी माझा हात दाबला, आणि ते सगळे, खरोखरीच खाली मान घालून, धक्क्याकडे निघून गेले.

सहा जण, आणि पिशव्या गळ्यात घेतलेली ओटमारची बायको, तसेच उभे होते. मी देवाला म्हटलं, मी जे बोललो ते त्यांनी ऐकू नये असं कर.

ओटमारनं मोकळ्या हातानं छातीवरचा नंबराचा बिल्ला खरवडून काढला आणि खिशात टाकला. मग एकच शब्द विचारला.

"नाव विचारतात," दिन्का म्हणाली.

"लुक्रिया."

"लुक्रिया," तो पेटीला म्हणाला, ओळख करून घेताना म्हणतात तसं. आणि मग दिन्काला दोन वाक्यं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, पाय तालात बसलेत. आता थांबलो तर बिघडेल."

जिना उतरले. गाड्याजवळून गेले, तेव्हा तो तरुण जरा मागे सरला. पुढे किनाऱ्याची वाट, डाव्या हाताला काळं पाणी, मग सरूच्या झाडांतलं कबरस्थान. दुसरा भोंगा झाला तेव्हा आम्ही वळणावर होतो. तिसरा झाला तेव्हा फादर माती टाकत होते आणि घड्याळ बघत होते. जहाज सरूंच्या मागून हळूहळू सरकत गेलं. एवढं मोठं पांढरं, आणि आवाज काही नाही. ओटमारच्या बायकोनं जहाजाला हात केला. सवय.

संध्याकाळी पेरीना काकूच्या घरी सगळे. काकूनं हॅम कापलं, अंजीर काढले, सगळ्यांना जडीबुटीची दारू पाजली आणि ओटमारला आपली दाढ दाखवली. बंदरावरचा अधिकारी येऊन विचारू लागला, हे लोक मागे का राहिले, मृताशी नातं काय? काकू म्हणाली, "खांदेकरी आहेत. याहून जवळचं नातं तुझ्या कायद्यात असलं तर सांग." तो टोपी काढून बसला आणि त्यानंही एक घेतली.

दुसऱ्या सकाळी बोटीनं ते दुब्रोवनिकला गेले. जाताना सहाही जण रिकाम्या खांद्यानं तालात चालत होते.

त्यानंतर गावात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. म्हातारी माणसं पुढच्या वर्षाचं जहाजांचं वेळापत्रक विचारू लागली. मरायचं तर एप्रिल ते ऑक्टोबर, शक्यतो गुरुवारी, हे सगळ्यांना पटलं. कुझ्मा म्हणायचा, इटालियन नकोत, बोलतात फार. नाताळात पेरीना काकूला खोकला लागला. मी सूप घेऊन गेलो तर खिडकीशी बसली होती.

"बघतोस काय असा? मी नाही जायची इतक्यात. पहिलं जहाज येऊ दे. केवढं आहे म्हणे?"

"तीन हजार माणसं, काकू."

"मग निवडून घेईन."

रोज ती मला विचारायची, एप्रिलला किती दिवस उरले. मी रोज थोडे कमी करून सांगायचो. ती रोज म्हणायची, "खोटारडा."

फेब्रुवारीत गेली.

उत्तरेचा वारा सुटला होता, सुऱ्यासारखा. बोटीसुद्धा बंद. कमरेच्या पट्ट्यावाले लेकीकडे स्प्लिटला, मोतीबिंदूवाले अंथरुणात. चर्चच्या दारात मी, कुझ्मा, फादर आणि तो तरुण, गाडा घेऊन. चौक रिकामा. वाऱ्यानं दगड घासून पुसून पांढरे केलेले. पेटी साधी होती, पाइनची; काकूनंच सांगून ठेवलं होतं की ओकाचा मूर्खपणा माझ्या बाबतीत नको. तरीही आम्हा दोघांना ती दोन पावलांपलीकडे पेलेना. दोनदा उचलली. दोनदा खाली ठेवली. दुसऱ्यांदा कुझ्मा तिथेच, सगळ्यांसमोर, म्हणजे कुणासमोरच नाही, रडला.

"ठेवू या, याक्शा," तो म्हणाला. "ठेवू या रे."

ठेवली. तरुणानं दांडी धरली आणि गाडा अर्धा हात पुढे ढकलला. खड.

"थांब," मी म्हणालो.

मी अंगातला बंधुसभेचा झगा काढला. वाऱ्यानं तो हातातून नेऊ पाहिला. कुझ्मानं न बोलता आपलाही काढला. आम्ही दोघं गुडघे टेकून बसलो, तो त्याच्या दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि चाकांभोवती ते पांढरं कापड गुंडाळलं, एकावर एक, आणि कमरेच्या दोऱ्यांनी आवळून बांधलं.

"अडकेल, साहेब," तरुण म्हणाला. "चालणार नाही नीट."

"न चालू दे. आम्ही आहोत."

समतल वाटेवर तो ढकलायचा. पायरी आली की आम्ही तिघं मिळून उचलायचो आणि पलीकडे हलकेच टेकवायचो. सगळी गल्ली अशी उतरलो. बंद खिडक्यांखालून, शर्टावर, दात वाजवत, मी सारखा कान देऊन ऐकत होतो. समुद्र ऐकू येत होता. कुठेतरी एक फळी आपटत होती. कुझ्माचा श्वास ऐकू येत होता.

चाकं ऐकू येत नव्हती.